तीन टाळ्यांचा नियम

ही फजिती मी आपणहून सांगतोय, यात माझा काही मोठेपणा नाही. मी नाही सांगितली तर आमचे नाना सांगतील. नाना म्हणजे माझे चुलते. ते सांगतात तेव्हा शेवटी मी ओक्साबोक्शी रडतो. मी रडलो नव्हतो. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते चुलीच्या धुराने. तेव्हा चहा ओता आणि माझ्या तोंडून ऐका.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी राहतो पेणला आणि शिकवतो रोह्याला. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला व्यापारी कायदा. करार म्हणजे काय, प्रस्ताव कशाला म्हणतात, स्वीकृती कधी झाली असं धरायचं. हा विषय जेवणानंतरच्या तासाला शिकवून बघा एकदा. पहिल्या बाकावरची मुलं डोळे उघडे ठेवून झोपतात. मागच्या बाकावरची तेवढेही कष्ट घेत नाहीत. मी स्वतः एकदा ‘स्वीकृती’ या शब्दाच्या मधोमध जांभई दिली आहे, मग त्यांना काय बोलणार?

तर गेल्या उन्हाळ्यात कॉलेजने मला प्राध्यापकांच्या शिबिराला धाडलं. तिथे एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, नुसतं व्याख्यान देऊन काही होत नाही; प्रसंग उभा करा, मुलांना भूमिका द्या आणि त्यात ढकलून द्या. पोहायला शिकवताना फळ्यावर विहीर काढता का? याला सिम्युलेशन म्हणायचं, रोल-प्ले म्हणायचं. मग त्यांनी आम्हालाच भूमिका वाटल्या. मी पूर आलेल्या गावचा सरपंच झालो. असा झालो, की जेवणाच्या सुट्टीतही दोन प्राध्यापक माझ्याकडे तक्रार घेऊन आले. एकाला मी मदत मंजूरही केली.

बाईंनी नियम सांगितले. भूमिकेत शिरलात की मधेच बाहेर यायचं नाही, हा पहिला. खेळ मांडणाऱ्याने तीन टाळ्या वाजवल्या की खेळ संपला, हा दुसरा. आणि टाळ्या वाजल्यावर सगळ्यांनी बसून, काय खरं होतं, काय खेळातलं होतं ते बोलून मोकळं व्हायचं, हा तिसरा. हा तिसरा नियम कधीही चुकवू नका, असं त्या दोनदा म्हणाल्या म्हणे. मी ऐकला नाही. मी तेव्हा चहाच्या रांगेत पुढे जागा मिळवत होतो.

कॉलेज सुरू झालं तसा मी पेटलो. ‘अ’ तुकडीत साक्षी नावाची पेणचीच मुलगी आहे, तिच्या वडिलांचा गणपतीचा कारखाना आहे. तुमच्यातल्या घाटावरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे गणपती सांगायचा म्हणजे कारखान्यात आपला लाकडी पाट नेऊन द्यायचा. पाटावर हळदकुंकू, सुपारी. पाटाच्या पाठीवर खडूने नाव, गाव आणि मूर्ती कशी हवी ते. कारखानदाराने पाट ठेवून घेतला की झालं. पावती नाही, सही नाही. त्या पाटावर तुमचा गणपती बसतो आणि तुम्ही तो घरी न्यायचाच. मी म्हटलं, प्रस्ताव आणि स्वीकृती शिकवायला याहून चांगली जागा कुठली? आख्खी तुकडी गाडीत घालून पेणला आणली.

साक्षीला कारखानदार केलं. तिचे वडील मालासाठी बाहेर गेले होते, त्यामुळे तीही रंगात आली. मी गिऱ्हाईक झालो, आणि साधं नाही, किरकिरं. पाट घरूनच नेला होता, आम्ही जेवायला बसतो त्यातला एक.

“बोला शेठ, कशी मूर्ती पाहिजे?” साक्षी म्हणाली.

“नेहमीसारखी नको. आमचा गणपती झोपाळ्यावर बसलेला पाहिजे.”

“झोपाळ्यावर?”

“पितळी कड्यांच्या. डोक्याला फेटा. मांडीवर पुस्तक. आणि उंदीर पायाशी नको, झोपाळ्यावर शेजारी बसव.”

“उंदीर तिथे नाही बसत, शेठ.”

“मग मी शेजारच्या कारखान्यात जातो.”

पोरं हसून लोळत होती. पण साक्षी घासाघीस करत राहिली आणि शेवटी उंदीर बसवायला तयार झाली. खडू घेऊन तिने पाट उलटा केला. “नाव काय लिहू?”

नावाचा मी विचारच केला नव्हता. म्हटलं, “माझंच लिही.” तिने लिहिलं, विजय मास्तर. “गाव?” राहतो तेच सांगितलं. पेण.

आता इथे तीन टाळ्या वाजवायच्या होत्या, आणि मी त्यासाठी हात वरही केले होते. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं की रोह्याची गाडी सुटायची वेळ झाली. ती चुकली तर पुढची कधी, ते विचारू नका. सगळी तुकडी स्टेशनकडे पळाली, त्यांच्यामागे मीही पळालो, कारण जबाबदारी माझी होती. पोरं गाडीत बसली. मी घरी आलो आणि बायकोला, सुजाताला, म्हटलं, आज मी शिकवलं नाही, आज मी घडवलं.

ती म्हणाली, “पाट कुठे आहे?”

“पोरांबरोबर कॉलेजात गेला असेल.”

पाट कारखान्यात होता. भिंतीला, पाठ पुढे करून, इतर पाटांच्या रांगेत उभा होता. आणि दोनच दिवसांनी नाना, त्यांचं घर आमच्याहून वेगळं, आपला पाट द्यायला तिथे आले.

इथे आमच्या घराबद्दल सांगायला हवं. आमचं गाव गागोद्याच्या वाटेवर. तिथे माझा थोरला भाऊ, दादा, शेती बघतो. वडील गेल्यावर त्यानेच मला शिकवलं. आमच्याकडे एका घराचा एकच गणपती. भाऊ कुठे का राहीनात, चतुर्थीला सगळे थोरल्याच्या ओटीवर. धाकट्याने आपल्या नावाने वेगळा पाट दिला तर त्याचा अर्थ सगळी पंचक्रोशी एकच लावते, घर फुटलं. पुढची पायरी चूल वेगळी, मग जमीन वेगळी, मग बांधावरून भांडण. हे मला ठाऊक नव्हतं का? जन्मल्यापासून ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी म्हणजे मी नव्हतो, गिऱ्हाईक होतो. फक्त नाव माझं होतं.

नानांनी पाट वाचला. एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि स्वतःचा पाट ठेवून पहिल्या एसटीने गावी गेले.

दादा बोलतो कमी. रागावला की त्याहून कमी. त्यामुळे त्याचं काही बिनसलंय हे मला कळायलाच बरेच दिवस गेले. आधी वहिनीकडून दर पावसाळ्यात येणारी रानभाजीची पिशवी आली नाही. मग फोन केला तर वहिनी म्हणाली, “तुम्ही आता मोठे झालात भावजी, तुम्हाला काय आमची भाजी.” आणि फोन ठेवला.

मी विचार केला. आणि मला कारण सापडलं. दरवर्षी मी भाताच्या लावणीला दोन दिवस तरी गावी जातो. चिखलात उभा राहतो, कामापेक्षा अडचण जास्त करतो, पण जातो. या वर्षी शिबिर आणि तुकड्यांच्या नादात गेलो नव्हतो. म्हटलं, दादा लावणीवरून रुसलाय. सरळ माफी मागून टाकावी. लावला फोन.

“दादा, माझं चुकलं.”

“कळलं तर तुला.”

“आधी तुला सांगायला हवं होतं.”

“सांगितलं असतंस तर मी काय आडवणार व्हतो?”

“तसं नाही रे. पण आता नोकरी आहे, इथलं सगळं आहे. सुजाता पण म्हणाली, दरवर्षी तिकडे धावपळ कशाला, आता जमत नाही.”

“सुजाता म्हनली.”

“हो. आणि खरं सांगू का, माझ्याशिवाय तुमचं काही अडत नाही.”

दादा म्हणाला, “ठीक हाय. मंग रीतसर करू.” आणि फोन ठेवला. मी बायकोला सांगितलं, मिटलं. मोकळेपणाने बोललं की मिटतं.

आता दुसरीकडे काय चाललं होतं ते बघा. माझ्या ‘ब’ तुकडीला मी दुसरा विषय दिला होता, भागीदारी कशी मोडते. मालमत्ता कशी वाटतात, जिचे तुकडे होत नाहीत अशा वस्तूचं काय करतात. ‘अ’ तुकडीच्या यशाने मी इतका फुगलो होतो की ‘ब’ तुकडीला म्हटलं, “तुम्ही प्रसंग वर्गात करू नका. बाहेर करा, कुठेही करा, खरी माणसं घ्या. मला सांगूही नका. अचानक मला त्यात ओढा. मी भूमिका सोडणार नाही, तुम्ही टाळ्या वाजवेपर्यंत.”

या ‘ब’ तुकडीत माझी पुतणी आहे. प्राची, दादाची मुलगी. एरवी वर्गात पहिल्या बाकावर बसते आणि बाहेर ‘काका, वडापाव’ म्हणून मागे लागते. ती शेवटच्या बाकावर जाऊन बसायला लागली होती. मी दिसलो की वाट बदलायची. मी मनात म्हटलं, पोरगी काहीतरी शिजवते आहे.

एका शुक्रवारी तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. मान खाली.

“बाबांनी रविवारी घरी बोलावलंय.”

“का गं?”

“नाना येणार आहेत. गावकीतली दोन माणसं पण येणार आहेत.” मग म्हणाली, “वाटणीसाठी.” आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मला हसू आवरेना. भागीदारी मोडायचा प्रसंग, आणि पोरीने आख्खं घर कामाला लावलं होतं. बाप, चुलत आजोबा, गावकी. आणि डोळ्यांत पाणीसुद्धा वेळेवर. मी एकदम गंभीर चेहरा केला, कारण पहिला नियम. म्हटलं, “येईन. जे व्हायचं ते होऊन जाऊ दे.” ती रडत बाहेर गेली. मी हजेरीपटावर तिच्या नावापुढे बारीकशी चांदणी काढली.

रविवारी सुजाता म्हणाली, मी येऊ का? म्हटलं, नको, कॉलेजचं काम आहे.

गावी पोचलो तर ओटीवर सतरंजी अंथरलेली. नाना खुर्चीत. गावकीचे दोघे भिंतीला टेकून. दादा पायरीवर, नजर अंगणात. वहिनी माजघराच्या दारात, पदर तोंडाला. प्राची कोपऱ्यात. मला चहा आला नाही, पाणी आलं. मी म्हटलं, बारकावे बघा पोरीचे. 

“बस विजू,” नाना म्हणाले. “तुझं मन ठरलंय ना? मागनं म्हनशील, नानानं घर फोडलं.”

“ठरलंय,” मी म्हणालो. “आता माघार नाही.”

“दादानं तुला काय कमी केलं का कधी?”

शिबिरात बाई म्हणाल्या होत्या, भूमिका अर्धवट करू नका. मी पाठ ताठ केली. “नाना, यात भावना आणायच्या नाहीत. भागीदारी होती, चालली तोवर चालली. आता मोडायची तर कायद्याने मोडू.”

गावकीतला एक दुसऱ्याला हळूच म्हणाला, “मास्तर लई शिकलाय.”

“मंग बोल,” नाना म्हणाले. “काय काय पायजेल तुला?”

मी काय काय मागितलं म्हणून सांगू? मागचं परस मागितलं. फणस मागितला. विहिरीवर दिवसाआड हक्क मागितला. मागताना मी दादाकडे बघत होतो. तो प्रत्येक वेळी अंगणाकडे बघत नुसतं “घे” म्हणत होता. मला वाटलं, हा भांडत का नाही? दोन्ही बाजू लढल्या नाहीत तर मुलं शिकणार काय? म्हणून मी शेवटचा बाण काढला. जिचे तुकडे होत नाहीत ती मालमत्ता.

“आणि म्हैस,” मी म्हणालो.

आमच्या म्हशीचं नाव मंगळी. नावाप्रमाणे कडक. वहिनीशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही. मला तर तिने लहान रेडकू असल्यापासून शत्रू मानलं आहे. दोनदा शिंगाने ढकललंय, एकदा खताच्या खड्ड्यात. तेव्हा मी मंगळी मागणं म्हणजे किती हास्यास्पद, हे सगळ्यांना कळेल आणि वातावरण जरा हलकं होईल, असा माझा अंदाज.

वहिनीच्या तोंडावरचा पदर सुटला. “मंगळी? भावजी, तुमी मंगळी नेनार?”

“कायदा आहे वहिनी.”

ती मटकन उंबऱ्यावर बसली आणि हुंदके द्यायला लागली. दादाने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. म्हणाला, “मंगळी तुजी. पंच हायत समोर. दिली.”

आता प्रसंग टोकाला गेला होता. इथे थांबायला हवं. मी प्राचीकडे बघितलं, वाजव टाळ्या. ती गुडघ्यांत डोकं घालून रडत होती. मी खाकरलो. भुवयांनी खुणावलं. कोणी टाळ्या वाजवेना. मला वाटलं, अभिनयाच्या भरात पोरगी नियम विसरली. शेवटी मीच उठलो आणि वाजवल्या. एक, दोन, तीन. 

“वा,” मी म्हणालो. “दादा, तुझ्यात एवढा नट असेल असं वाटलं नव्हतं. वहिनी, तुम्ही तर कमाल केलीत. प्राची, तुला दहापैकी दहा.”

गोठ्यात मंगळीने शेपटी आपटली.

प्राचीने डोकं वर केलं. “काका,” ती म्हणाली, “ह्ये कालेजचं नाय हाय.”

मी अजून हसतच होतो. मग हसू चेहऱ्यावर तसंच ठेवून मी नानांकडे वळलो.

“पेणेत तुज्या नावाचा पाट हाय,” नाना म्हणाले. “मी या डोळ्यांनी वाचलाय. विजय मास्तर, पेण. त्याचं काय?”

मग मी सांगायला लागलो. शिबिर सांगितलं, बाई सांगितल्या, प्रस्ताव आणि स्वीकृती सांगितलं, साक्षी, किरकिरं गिऱ्हाईक, रोह्याची गाडी. जसजसा सांगत गेलो तसतसं माझ्याच लक्षात येत गेलं की हे खोटं वाटतंय. गावकीचे दोघे मान हलवत होते, वेड्याशी बोलताना हलवतात तशी.

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश विचारलं, “म्हंजे पेणेत पाट दिलास ते नाटक व्हतं.”

“हो.”

“फोनवर बोललास, तिकडं यायला जमत नाय, ते?”

“ते लावणीचं रे.”

“आन् आज मागितलंस ते?”

“ते मला वाटलं, प्राचीचं नाटक.”

“मंग विजू,” दादा म्हणाला, “तू खरं कवा बोलतोस?”

एवढी वर्षं मी व्यासपीठावर उभा आहे, पोरांनी वाकडे प्रश्न विचारलेत, साहेबांनी विचारलेत. असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी खाली बसलो. त्याच वेळी वहिनीने चुलीवर चहा ठेवला होता, लाकडं ओली होती आणि धूर झाला. नाना ज्याला रडणं म्हणतात ते हे.

चहा मात्र मिळाला. दादाने आपल्या कपातला अर्धा माझ्या बशीत ओतला, लहानपणी ओतायचा तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याबरोबर पेणला आला. त्याने स्वतःचा पाट अजून दिलाच नव्हता. वाटेत म्हणाला, “पाट घेऊन निघायचो आन् परत ठेवायचो. पाय उचलंना.”

कारखान्यात साक्षीचे वडील भेटले. मी म्हणालो, तो पाट परत द्या, ती ऑर्डर नव्हती, तो वर्ग होता. त्यांनी कोपऱ्याकडे हात केला. आमच्या जेवायच्या पाटावर गणपती बसला होता. झोपाळा, फेटा, मांडीवर पुस्तक. रंग बाकी होता. उंदीर झोपाळ्यावर शेजारी बसून पुस्तकात डोकावत होता.

“सर, पाट ठेवून घेतला की आम्ही काम धरतो,” ते म्हणाले. “देवाची मूर्ती झाली, आता नको कशी म्हणायची?”

मी साक्षीकडे बघितलं. “अगं, तुला तर माहीत होतं.”

“सर, तुम्ही टाळ्या वाजवल्याच नाहीत,” ती म्हणाली. “मला वाटलं, शिकवता शिकवता खरीच ऑर्डर दिलीत. बाबांना म्हटलं, आमच्या सरांची पद्धतच वेगळी आहे.”

दादा मूर्तीसमोर उकिडवा बसला. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या साधी बैठी मूर्ती येते, पांढरं धोतर, तांबडं उपरणं, बाकी काही नाही. त्याने फेटा बघितला, उंदीर बघितला. मला वाटलं, आता हा उठून जाणार. त्याने पाट जरासा तिरका केला, मूर्तीला धक्का न लावता पाठ दिसेल इतकाच. बोट ओलं केलं आणि ‘पेण’ पुसलं. साक्षीकडून खडू घेऊन तिथे आमच्या गावाचं नाव लिहिलं. ‘विजय मास्तर’ तसंच ठेवलं.

“ह्यो यंदा आपल्या वटीवर बसंल,” म्हणाला. “दुसरा पाट द्यायचा नाय.”

एवढंच. मी डोळे पुसले, आणि तिथे तर धूरही नव्हता.

चतुर्थीला झोपाळ्यावरचा गणपती गावी आला. आख्खं गाव बघायला लोटलं, शेजारच्या गावांतूनही माणसं आली. जो येई तो विचारी, “फेटा कुनाच्या डोक्यातनं निघाला?” दादा माझ्याकडे बोट दाखवी. मग मी उभं राहून शिबिरापासून सगळं सांगे. नाना शेजारी बसून चुकलेलं दुरुस्त करत. तिसऱ्या दिवसापर्यंत माझं पाठांतर झालं होतं. रोल-प्लेनंतर सगळ्यांनी बसून बोलून मोकळं व्हायचं, हा तो चुकलेला तिसरा नियम. तो माझ्याकडून असा पाळून घेतला गेला.

गौरींबरोबर विसर्जन. नदीत मूर्ती सोडून सगळे काठावर आले. दादा गुडघाभर पाण्यात उभा होता, रिकामा पाट काखेत. त्याने प्राचीला हाक मारली. “काय गो, तुमचा तो नेम काय हाय? संपलं म्हनायला काय करायचं?”

“तीन टाळ्या, बाबा.”

त्याने पाट तिच्या हातात दिला, ओले हात धोतराला पुसले आणि माझ्यासमोर उभं राहून तीन टाळ्या वाजवल्या. शांतपणे, सावकाश. “संपलं?”

“संपलं,” मी म्हणालो. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. आणि त्या हलकेपणाच्या भरात मी बोलून गेलो, “म्हणजे दादा, ते परस, फणस, म्हैस, ते पण सगळं संपलं ना?”

“परस आन् फणस आपल्या सगळ्यांचा,” दादा म्हणाला. “मंगळीचं तसं नाय. ती मागितली कुनी?”

“मी. पण ते—”

“दिली कुनी?”

“तू.”

“पंच व्हते?”

मागून नाना म्हणाले, “व्हतो.”

प्राची पाट छातीशी धरून उभी होती. काका म्हणाली नाही. म्हणाली, “सर, प्रस्ताव आणि स्वीकृती.”

तर आमच्या घरात वाटणी झाली ती एवढीच, एका म्हशीची. ती राहते गोठ्यातच, कारण माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. मालकी माझी. दूध वहिनीचं. धुणं, खरारा आणि शेण, सुट्टीच्या दिवशी, मालकाचं. मंगळीला अजून हा करार मान्य नाही, ते ती लाथेने कळवते. पण आमच्या ‘ब’ तुकडीला हा धडा आता तोंडपाठ आहे, एकही पोरगं झोपत नाही. शिबिरातल्या बाईंना कळवायचं राहून गेलंय.

आणखी अर्धा कप? नको, उठतो आता. उद्या रविवार आहे.